हातोडा, होकायंत्र आणि वही

दरवर्षी पाऊस ओसरला की एका शनिवारी सकाळी साडेसहाला सेकंड इयर सिव्हिलची मुलं-मुली होस्टेलच्या गेटवर गोळा होतात. कुणाच्या पायात स्लीपर, कुणाच्या हातात सेल्फी स्टिक, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न : नाश्ता कुठे आहे? हीच आपली भूशास्त्राची फील्ड ट्रिप. परत आल्यावर एका हुशार मुलीने रिपोर्ट लिहायचा, बाकीच्या चाळीस जणांनी तो उतरवायचा आणि सबमिशनच्या दिवशी सरांची सही घ्यायची, अशी तिची परंपरा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मीही असाच गेटवर उभा होतो. पायात स्लीपरच होती.

आता मी फायनल इयरला आहे. ट्रिप जवळ आली की ज्युनियर मुलं रूमवर येऊन विचारतात, "दादा, काय काय न्यायचं?" दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं, म्हणून हा लेख. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्या मित्रांनी पान उलटू नये. यात एका चोरीची हकिगत आहे, आणि ती चोरी मीच केलेली आहे.

पहिलं हत्यार अर्थातच हातोडा. लॅबमधल्या मामांकडे आयकार्ड ठेवलं की तो मिळतो. भूशास्त्राचा हातोडा सुताराच्या हातोडीसारखा नसतो. त्याचं पोलाद कठीण असतं, एका बाजूला चौकोनी सपाट तोंड असतं आणि दुसऱ्या बाजूला टोक किंवा छिन्नीसारखी धार असते. आपल्याकडच्या काळ्या कातळाला टोकवाला बरा. छिन्नीवाला वालुकाश्म किंवा शेल अशा पापुद्रे सुटणाऱ्या खडकांसाठी असतो. घाव नेहमी सपाट तोंडाने घालायचा आणि तोही खडकाच्या बाहेर आलेल्या कोपऱ्यावर. सपाट भिंतीवर कितीही हाणलं तरी हात झिणझिण्यांनी भरून येतो, खडक जागचा हलत नाही. घाव घालताना डोळ्यांवर गॉगल हवा, आणि तो वर्कशॉपमधला. आमच्या बॅचला एकाच्या भुवईत कपची घुसली होती. अर्धा इंच खाली गेली असती तर ट्रिप तिथेच संपली असती. एका हातोड्यावर दुसरा हातोडा मारायचा नाही हेही मामा सांगतात. दोन्ही कठीण पोलाद, त्यामुळे उडणारा तुकडा गोळीसारखा जातो.

पण हातोडा कशासाठी, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला वाटलं, नमुने गोळा करायला. सरांनी घाटात पहिलाच प्रश्न विचारला, "ह्या खडकाचा रंग कोणता?" आम्ही एका सुरात म्हणालो, "तपकिरी." सरांनी एक कोपरा उडवला. आतून खडक काळा-करडा निघाला. बाहेरचा तपकिरी रंग म्हणजे हवापाण्याने झालेला गंज. खडकाची ताजी बाजू पाहिल्याशिवाय त्याचं नाव घ्यायचं नाही, त्यासाठी हातोडा. शिवाय आवाज ऐकायचा. ताजा, घट्ट कातळ ठण्ण वाजतो. कुजलेला खडक बद्द आवाज करतो. आईला मडकं घेताना पाहिलं असेल तर हे शिकवावं लागत नाही.

लेन्सबद्दल थोडक्यात. दहा पट मोठं दाखवणारी घडीची लेन्स पुरते. चूक एकच आणि ती सगळे करतात : सिनेमातल्या डिटेक्टिव्हसारखी लेन्स खडकाजवळ धरून स्वतः दोन फुटांवरून वाकून बघतात. लेन्स डोळ्याला जवळजवळ चिकटवायची आणि खडक उचलून लेन्सपाशी आणायचा. साधारण इंचभर अंतरावर सगळं एकदम स्वच्छ दिसतं. तोंड उजेडाकडे हवं, नाहीतर आपल्याच डोक्याची सावली खडकावर पडते.

लेन्सने पाहिलेलं ओळखायला खिशातला चाकू आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरवाली छोटी बाटली. आपल्या बेसाल्टमध्ये पांढरे ठिपके, गाठी दिसतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे पाण्यातून आलेली खनिजं त्या पोकळ्यांत भरली, त्याच ह्या गाठी. त्यातलं कोणतं कॅल्साइट, कोणतं क्वार्ट्झ, कोणतं झिओलाइट? आम्लाचा थेंब टाकला आणि फसफसलं तर कॅल्साइट. फसफसत नाही आणि चाकूनेही ओरखडा येत नाही, उलट चाकूचीच धातूची रेघ उमटते, तर क्वार्ट्झ. फसफसत नाही पण चाकूने ओरखडतं, तर बहुधा झिओलाइट. फ्रीडरिख मोज याने १८१२ साली मांडलेल्या कठीणपणाच्या दहा पायऱ्या परीक्षेत पाठ म्हणाव्या लागतात. घाटात मात्र नख अडीच, चाकू साडेपाच, क्वार्ट्झ सात, एवढं लक्षात असलं तरी दिवस निघतो. आम्लाची बाटली सॅकच्या बाहेरच्या खिशात उभी ठेवा. आमच्याकडे एकाने ती डब्याशेजारी ठेवली होती. पुढचं सांगत नाही.

आता होकायंत्र. इथे जरा थांबतो, कारण माझी चोरी इथलीच आहे.

आपल्या लॅबमध्ये दोन प्रकार आहेत, साधं क्लिनोमीटर होकायंत्र आणि ब्रंटन. डेव्हिड ब्रंटन हा खाणीत काम करणारा अभियंता. त्याने १८९४ साली ह्या यंत्राचं पेटंट घेतलं. एका डबीत होकायंत्र, पाणसळीचा बुडबुडा, उतार मोजायचं क्लिनोमीटर आणि नेम धरायला आरसा, असं सगळं त्यात बसवलेलं आहे. ब्रंटन हातात घेतल्यावर पहिली पाच मिनिटं प्रत्येकाला वाटतं की हे बिघडलेलं आहे, कारण त्यात पूर्व आणि पश्चिम उलट्या छापलेल्या असतात. ते मुद्दाम. आपण डबी फिरवतो, सुई मात्र उत्तरेकडेच असते. पूर्वेकडे तोंड करून नेम धरा. उत्तर आता तुमच्या डाव्या हाताला आहे, म्हणून सुईचं टोक डबीत डावीकडे जाईल. तिथे 'पूर्व' छापलं असेल तरच सुई खरं सांगेल. एवढं एकदा स्वतः उभं राहून करून पाहा, पुन्हा विसरणार नाही.

डिप आणि स्ट्राइक ही जोडी व्हायव्हाला सगळ्यांना छळते. मी कोकणातला, मला ती कौलांवरून कळली. घराचं आढं आडवं असतं. ते ज्या दिशेने जातं तो स्ट्राइक. कौलांवर पाणी ओतलं तर ते ज्या दिशेला आणि जितक्या उतारावरून पळेल, तो डिप. खडकातल्या कुठल्याही सपाट पृष्ठाला हे लागू पडतं, मग तो थर असो की भेग. होकायंत्राची कड त्या पृष्ठाला टेकवायची, बुडबुडा मधोमध आणायचा, स्ट्राइक वाचायचा. मग यंत्र कडेवर उभं करून त्याला काटकोनात उतार वाचायचा. डिप कोणत्या बाजूला आहे हे लिहायला विसरू नका. नुसतं '६५ अंश' म्हणजे छप्पर समजलं पण पागोळ्या कुणाच्या अंगणात पडतात ते समजलं नाही, असं होतं.

आता कुणी विचारेल, महाराष्ट्रात लाव्ह्याचे थर तर जवळजवळ आडवे आहेत, मग डिप कसला मोजायचा? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा पसरला, आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे, आणि बहुतेक ठिकाणी थरांचा उतार डोळ्याला कळतही नाही. खरं आहे. पण भेगांचं काय? थंड होताना कातळ आकसतो आणि त्याला भेगा पडतात. रस्ता कापताना, बोगदा खणताना, धरणाचा पाया घेताना ह्या भेगाच दगा देतात. रस्त्याला समांतर आणि रस्त्याकडे कललेली भेग म्हणजे घसरगुंडी. तीच भेग डोंगराच्या आत कललेली असेल तर निदान घसरण्यासाठी तिला वाट नाही. त्यामुळे घाटात आम्हाला मोजायला सांगितल्या त्या भेगा.

आमची ट्रिप दिवे घाटात होती. पुण्याहून सासवडला जाणारा, माउलींची पालखी चढते तो घाट. सर बसमधून उतरल्यावर कुणालाही कड्याला हात लावू देत नाहीत. आधी दहा मिनिटं लांब उभं राहून नुसतं बघायचं आणि वहीत चित्र काढायचं. "मला चित्रकला येत नाही" ही सबब चालत नाही. आडव्या रेघा कुठे बदलतात, झुडपं ओळीने कुठे उगवली आहेत, पाणी कुठून पाझरतं, एवढंच दाखवायचं. झुडपांची आडवी ओळ दिसली की तिथे बहुधा दोन थरांची सांध असते, कारण तिथे ओल असते. मी ते चित्र कंटाळत काढलं होतं. पण नंतर जवळ गेल्यावर कळलं की जवळून फक्त दगड दिसतो, डोंगर दिसत नाही.

जवळ गेल्यावर तीन प्रकारचा खडक हाताला लागला. एक काळा, घट्ट, ठण्ण वाजणारा, उभ्या भेगांनी चिरलेला. दुसरा करडा-हिरवट, पांढऱ्या गाठींनी भरलेला. विहिरी खणणारे लोक त्याला मांजऱ्या म्हणतात, पुस्तकात तो अमिग्डलॉइडल बेसाल्ट. आणि तिसरा दोन थरांच्या मध्ये चेपलेला विटकरी लाल पट्टा, रेड बोल. सरांनी विचारलं, "धरणाचा पाया कोणत्या खडकावर घ्याल?" आम्ही सगळे काळ्या कातळाकडे बोट दाखवून मोकळे. तो वाजतो, कठीण आहे, अजून काय हवं?

सर म्हणाले, "पाणी कुठून जाईल ते सांगा."

मग आम्ही नीट पाहिलं. काळ्या कातळात फूट-दोन फुटांवर भेगा होत्या, काहींत बोट जाईल एवढ्या. गाठींच्या खडकात जवळजवळ भेगच नव्हती. दिसायला तो सामान्य, पण अखंड; ताजा असेल तर पाणी अडवायला तोच भरवशाचा. कठीण म्हणजे चांगला, हे समीकरण तिथेच मोडलं. अर्थात मांजऱ्या उघडा पडला की हवेने झिजतो हेही खरं, त्यामुळे कोणताच खडक सरसकट चांगला नाही. आणि लाल पट्ट्याचा एक तुकडा मी होस्टेलवर आणून रात्री मेसच्या स्टीलच्या ग्लासात पाण्यात टाकला. शेजारच्या ग्लासात काळ्या कातळाचा तुकडा. सकाळी लाल तुकड्याचा ग्लासच्या तळाशी चिखल झाला होता, काळा तसाच. ह्या चाचणीला काहीही खर्च नाही. फक्त मेसच्या काकांना ग्लास धुऊन द्यावा लागतो. कड्याच्या पोटात असा पट्टा असेल, तो उघडा पडून भिजून कुजला, की वरचा वजनदार कातळ अधांतरी राहतो. पुढे काय होतं ते सांगायला इंजिनियर लागत नाही.

आता चोरी.

चौथ्या थांब्याला दुपारचा एक वाजला होता. ऊन, भूक, ट्रकचे हॉर्न. एका मोठ्या भेगेचा स्ट्राइक-डिप घ्यायचा होता. माझा रूममेट होकायंत्र घेऊन भेगेपाशी गेला, मी रस्त्याच्या कडेला सावलीत बसलो. त्याने रीडिंग सांगितलं, ७८ अंश, डिप ६५. मी लिहिलं. माझ्याकडून दुसऱ्याने लिहिलं. संध्याकाळपर्यंत ते बारा वह्यांत गेलं.

पुढच्या आठवड्यात सरांनी बारा वह्या टेबलावर मांडल्या. म्हणाले, "बारा माणसं एकच भेग मोजतात तेव्हा ७६ येतं, ८० येतं, ७७ येतं. बाराही वेळा ७८ येत नाही." ओरडले नाहीत. त्यांनी त्यांची स्वतःची वही उघडली. त्यात त्याच भेगेचा स्ट्राइक ३५ अंश होता.

रूममेटने चूक मुद्दाम केली नव्हती. ती भेग अगदी रस्त्यालगतच्या लोखंडी कठड्याशेजारी होती, आणि त्याने कठड्याला टेकून रीडिंग घेतलं होतं. वर काखेत हातोडा. सुईने लोखंडाकडे मान वळवली. त्या वळणावर रस्ता साधारण ३० अंशांवर जातो. म्हणजे प्रत्यक्षात ती भेग रस्त्याला जवळजवळ समांतर आणि रस्त्याकडे कललेली, सगळ्यात वाईट जातीची. आमच्या वह्यांत मात्र ती रस्त्याला चांगलीच तिरकी जात होती. बारा जणांनी मिळून कागदावर एक धोका नाहीसा केला होता.

तेव्हापासून माझा नियम : लोखंडी कठडा, गाडी, हातोडा, किल्ल्या, मोबाइल, बेल्टचं बक्कल, सगळं दूर ठेवून रीडिंग. आणि तरीही शंका घ्यायची, कारण बेसाल्टमध्ये स्वतःतच मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं आणि काही ठिकाणी खडकच सुई ओढतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. इथून समोरच्या मित्राकडे नेम धरून अंश वाचा, मग मित्राने तिथून तुमच्याकडे नेम धरून वाचायचे. दोन्हींत बरोबर १८० चा फरक हवा. नसेल तर दोघांपैकी एकाची जागा खोटं बोलते आहे. मोबाइलमधलं होकायंत्र वापरायला हरकत नाही, पण कव्हरला चुंबकाचं बटण असेल तर आधी कव्हर काढा. आपण कुठे उभे आहोत हेही नुसतं जीपीएसवर सोडू नये. उघड्यावर ते काही मीटरपर्यंत बरोबर असतं, कड्याखाली बरंच भरकटतं. दोन-तीन ओळखीच्या खुणांकडे नेम धरावा. दिवे घाटातून मस्तानी तलाव दिसतो, कानिफनाथाचा डोंगर दिसतो. त्या रेघा टोपोशीटवर उलट काढल्या की जिथे छेदतात तिथे आपण. टोपोशीट १:५०,०००, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. तेवढं पुरतं.

वही पेन्सिलने लिहायची, कारण पेनाची शाई घामाने आणि पावसाने पसरते. खोडरबर न्यायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं, म्हणजे आधी काय वाटलं होतं तेही शिल्लक राहतं. डाव्या पानावर चित्र. उजव्या पानावर आधी जे दिसलं ते, आणि मग वेगळ्या परिच्छेदात जे वाटलं ते. 'लाल, मऊ, नखाने ओरखडणारा, ४० सेंटिमीटर जाड थर' हे दिसलं. 'रेड बोल' हे वाटलं. फोटो काढताना शेजारी हातोडा किंवा पेन ठेवायचं; नाहीतर सहा महिन्यांनी तो कडा आहे की वीट, ते आपल्यालाच कळत नाही. आमच्या ट्रिपच्या दोनशे फोटोंपैकी खडकाचे अकरा होते, आणि त्यातल्या नवांत खडकासमोर कुणीतरी उभं होतं.

इथपर्यंतचा लेख मी एका रात्रीत लिहिला. पुढचं लिहावं की नाही, ठरत नव्हतं.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात. वाडीत चौदा घरं, वर डोंगर, खाली पऱ्या. २२ जुलै २०२१ ला शेजारच्या महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. मी बारावीत होतो. त्या रात्री आमची वाडी शाळेत झोपली, म्हणजे जागी राहिली. पाऊस थांबल्यावर आजोबा मला घेऊन वर गेले. वरकस जमिनीत एक भेग पडली होती, चंद्रकोरीसारखी वाकडी, साधारण चाळीस पावलं लांब. आजोबा बोट घालून बघत होते. "दीड बोट," म्हणाले. पुढच्या वर्षी कुणी म्हणालं दोन बोटं, कुणी म्हणालं होती तेवढीच आहे. कुणाचं बोट, हा प्रश्न कुणी विचारला नाही. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी झाली. त्याच वर्षीच्या ट्रिपनंतर मी दिवाळीला घरी गेलो तेव्हा सॅकमध्ये वही होती.

पहिला प्रयत्न फसला. मी भेगेच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि कापडी टेपने अंतर मोजलं. कापडी टेप ताणली की वाढते. खुंट्या वरच्या भुसभुशीत मातीत होत्या, आणि एक म्हशीने पाडली. मे महिन्यात पुन्हा केलं. घराच्या स्लॅबची उरलेली १२ मिलिमीटरची सळई कापून दोन-दोन फूट खोल ठोकली, डोक्यावर करवतीने फुली पाडली, आणि पोलादी टेपने फुलीपासून फुलीपर्यंत अंतर घेतलं. अशा तीन जोड्या : भेगेच्या दोन टोकांना एकेक आणि मध्ये एक. उतार कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोरा आणि नट बांधून मोजला. खालची बाजू खचते आहे का, ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पाहिलं. एका घराच्या भिंतीला चीर होती, तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवली. भिंत हलली तर काच तडकते. उभ्या भिंतींचा एक डबा पाऊस मोजायला. रोज सकाळी साडेआठला त्यात पट्टी बुडवायची. याशिवाय बघायच्या गोष्टी लिहून दिल्या : झाडं किंवा विजेचे खांब कलले का, झऱ्याचं पाणी गढूळ झालं का, एकदम आटलं किंवा नवीन फुटलं का, दरवाजे अडकायला लागले का.

मी होस्टेलवर, त्यामुळे रीडिंग चुलतभाऊ बाळ्या घ्यायचा. दर शनिवारी वहीचा फोटो. ८ जून २०२४ ला मधली जोडी ८१२ मिलिमीटर होती. जुलैच्या पहिल्या शनिवारी ८१३. मग ८१५. मग ८१५. मग ८१५. आणि मग एकदम ८१९.

मी ते आकडे पाहिले आणि मला सरांच्या टेबलावरच्या बारा वह्या आठवल्या. फोन केला. बाळ्या आधी काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, दोन शनिवार लय पाऊस होता. आईने वर जाऊ दिलं नाही. तू रागावशील म्हणून मागचाच आकडा लिहिला."

मी काय रागावणार? मी ऊन लागतं म्हणून लिहिला होता, त्याने निदान दरडीच्या भीतीने लिहिला. आणि काकूचं बरोबरच होतं. जोराच्या पावसात त्या भेगेवर जायचंच नाही, हे मी आधी सांगायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं होतं. पण त्या दोन खोट्या ८१५ मुळे चार मिलिमीटर एका आठवड्यात वाढले की तीन आठवड्यांत, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही. एका आठवड्यात वाढले असतील तर त्याच रात्री घरं सोडायला हवी होती. तो आकडा आला त्या रात्री आम्ही सोडलीही. टोकाच्या जोड्यांत एक मिलिमीटरचाही फरक नव्हता, काच शाबूत होती, तरी चौदा घरं चार रात्री शाळेत राहिली. आजोबा म्हणाले, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आकड्यावर घर सोडलं."

त्यानंतर बाळ्याच्या वहीतले आकडे, पावसाची नोंद आणि चित्र लावून आम्ही लेखी अर्ज दिला. माणसं आली, पाहून गेली, भेगेवरून पाणी आत जाऊ नये म्हणून वरच्या बाजूने चर खणायला सांगितलं. तो खणला, भेग मातीने चोपून बुजवली. हवामान खात्याचा रेड अलर्ट लागला किंवा कुठल्याही जोडीत एका आठवड्यात दोन मिलिमीटर वाढले की रात्री शाळेत, असं वाडीने ठरवलं आहे. सळया-टेपवरून दरड कधी येईल ते कळत नाही, हे मी गावात पुन्हा पुन्हा सांगतो. तरुण मुलांना ते पटतं. म्हाताऱ्यांना वाटतं की मी इंजिनियर होतोय, मला कळत असणार. २०२५ च्या पावसाळ्यात मधली जोडी एकच मिलिमीटर हलली. बाळ्याच्या वहीत त्या वर्षी चार ओळी अशा आहेत : तारीख, आणि पुढे 'पाऊस फार. गेलो नाही.' त्या चार ओळींवर मी कुठलीही रेघ मारलेली नाही.

ट्रिपचं सामान गुरुवारी चारच्या आत मामांकडून घ्या, आयकार्ड लागेल. लेन्स बाराच आहेत, तेव्हा तिघांत एक. होकायंत्र घेताना सुई मोकळी फिरते का बघून घ्या. दोन यंत्रांची सुई अडकते आणि ती मामा मुद्दाम वर ठेवतात, असा माझा संशय आहे. आणि स्लीपर घालून आलेल्याला बसमध्ये चढू देणार नाहीत, हे मामांनी ह्या लेखात लिहायलाच सांगितलं आहे.